जुन्या मालालाच पावती लागते

“जुन्या मालाले पावती नसते भाऊ. पटलं तं घ्या, नाही तं राहू द्या.” गाडीचं जुनं सामान घ्यायला गेलेल्या आणि हे वाक्य न ऐकलेल्या गाडीवाल्याला आपल्या भागात शोधावं लागेल. मानोऱ्याला ऐका, दिग्रसला ऐका, अकोल्याला जा. शब्द थोडे इकडचे तिकडे होतील, अर्थ तोच राहील. गिऱ्हाईक मान डोलावतं, पैसे मोजतं, गोणपाटात गुंडाळलेला सेल्फ किंवा डायनमो गाडीत टाकतं आणि बंजारा समाजाचं तीर्थ असलेल्या पोहरादेवीचा रस्ता धरतं. वर्षानुवर्षं ऐकून ऐकून हे वाक्य नियमासारखं रुजलं आहे. पण असा नियम कायद्यात नाही, व्यापाराच्या रीतीत नाही, आणि पोहरादेवीच्या परंपरेत तर मुळीच नाही.

नव्या पार्टच्या खोक्यावर उत्पादकाचं नाव, महिना-वर्ष आणि एमआरपी असते. ती छापणं बंधनकारक आहे. उद्या पार्ट खराब निघाला तर दुकानदाराच्या मागे कंपनी उभी असते, निदान तिचा पत्ता तरी असतो. जुन्या पार्टच्या मागे कोण असतं? विकणारा माणूस, आणि त्याच्यापलीकडे कोणीही नाही. तो पार्ट कोणत्या गाडीतून निघाला, ती गाडी भंगारात गेली की चोरीला गेली, पाण्यात बुडाली होती की ट्रकखाली चेपली होती, हे एकट्या त्यालाच ठाऊक. त्या माहितीचा एकमेव कागद म्हणजे पावती. तीच नाकारून वर ‘रीत आहे’ म्हणायचं, हा शुद्ध अन्याय आहे.

याच्या विरोधात बोललं की पहिलं उत्तर शहाण्या माणसांकडून येतं: कशाला जुनं घ्यायचं? नवं, कंपनीचंच घ्यावं, म्हणजे प्रश्नच मिटला. हे सांगणाऱ्याच्या दारात बहुधा चार वर्षांची गाडी उभी असते. पोहरादेवीत रामनवमीला काय येतं ते त्यानं एकदा पाहावं. महाराष्ट्राच्या सगळ्या कोपऱ्यांतून, तेलंगणा, कर्नाटक आणि आंध्रातून बंजारा भाविक सेवालाल महाराजांच्या समाधीच्या आणि जगदंबेच्या दर्शनाला येतात. 5 ऑक्टोबर 2024 ला इथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं, तेव्हापासून ते पाहायला येणाऱ्यांची भर पडली आहे. या माणसांना तांड्यांतून आणणाऱ्या गाड्या म्हणजे जुनी बोलेरो, काळी-पिवळी, पिकअप, छोटा हत्ती, सुमो, तवेरा. यातल्या सुमोचं उत्पादन 2019 मध्ये थांबलं. तवेरा बनवणाऱ्या जनरल मोटर्सनं 2017 च्या अखेरीस भारतातली विक्रीच बंद केली. फोर्डनं 2021 मध्ये इथलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. ज्या गाडीची कंपनीच गाशा गुंडाळून गेली, तिच्या मालकाला ‘नवा ओरिजिनल पार्ट घे’ सांगणं म्हणजे त्याला गाडी विकून टाक असंच सांगणं आहे. ती गाडी बँकेच्या नाही तर सावकाराच्या कर्जावर घेतलेली असते. ती दारात उभी राहिली की घरातली चूल अडते.

शिवाय नव्या खोक्यातही डुप्लिकेट माल भरलेला असतो. होलोग्रामची नक्कल होते, खोक्यांची होते, ऑइलच्या डब्यांचीही होते. म्हणून जुनं विरुद्ध नवं असा हा वादच नाही. वाद आहे तो ज्याचा माग काढता येतो त्या मालाचा आणि ज्याचा काढता येत नाही त्या मालाचा.

दुसरं उत्तर जास्त दुखवणारं आहे. लोभी माणूसच फसतो, म्हणतात. स्वस्तात घ्यायला गेला, मग भोग. मला हे मुळीच मान्य नाही. यात्रेच्या आदल्या आठवड्यात ज्याची गाडी बसली, त्याला स्वस्ताई नको असते, वेळेत सुरू होणारी गाडी हवी असते. सहा महिन्यांच्या कमाईतला मोठा वाटा या आठ-दहा दिवसांत येतो. विकणाऱ्याला ही घाई दिसते, आणि फसवणूक त्या घाईवर उभी राहते. माणसाची अडचण पाहून त्याला खराब माल देणाऱ्याला आपण ‘धंदेवाला’ म्हणतो आणि फसलेल्याला ‘लोभी’. हे नावं ठेवणं उलटं आहे.

आता कायदा. ‘पाहून घेतलं, आता तक्रार नाही’ हे दुकानदाराचं म्हणणं निम्मं खरं आहे, आणि त्या निम्म्या खरेपणामुळेच ते लोकांच्या गळी उतरतं. माल विक्री कायदा 1930 सालचा आहे. त्याच्या 16 व्या कलमानं मालाच्या दर्जाची जबाबदारी बऱ्याच अंशी घेणाऱ्याच्या डोळ्यांवर टाकली आहे, हे खरं. पण त्याच कलमात अपवाद आहे: गिऱ्हाइकानं कशासाठी पाहिजे ते सांगितलं, दुकानदाराच्या जाणकारीवर विसंबून घेतलं, आणि तो माल विकणं हाच त्याचा धंदा असला, तर तो माल त्या कामाचा असलाच पाहिजे. ‘2012 च्या तवेराला बसणारा गिअरबॉक्स द्या’ म्हटल्यावर दुकानदारानं स्वतः ढिगातून काढून दिलेला गिअरबॉक्स बसत नसेल, तर ‘पाहून घेतलं’ हे उत्तर पुरत नाही. 14 वं कलम त्याहून महत्त्वाचं. विकणाऱ्याला तो माल विकण्याचा हक्क आहे, ही अट प्रत्येक विक्रीत कायदा गृहीत धरतो. 27 व्या कलमाचा अर्थ तर कुणालाही कळेल असा आहे: जो मालक नाही, त्याच्याकडून घेणाराही मालक होत नाही. चोरीच्या इंजिनाचे पूर्ण पैसे मोजले तरी ते इंजिन तुमचं होत नाही. पोलीस ते काढून नेतात आणि पैसे बुडतात.

बुडतात ते फक्त पैसे नाहीत. भारतीय न्याय संहितेच्या 317 व्या कलमाखाली चोरीचा माल जाणूनबुजून, किंवा तो चोरीचा असल्याचं मानायला कारण असताना, अप्रामाणिकपणे घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पूर्वी हेच भारतीय दंड संहितेचं 411 वं कलम होतं. ‘मानायला कारण’ या शब्दांवर गाडीवाल्यांनी थांबावं. बाजारभावापेक्षा फारच कमी किंमत, घासलेला नंबर आणि पावती नाही, एवढं समोर आल्यावर तपास करणाऱ्याला संशय येणारच. पावती असेल तर तो संशय दुकानदाराच्या दाराकडे वळतो. नसेल तर तुमच्याच दारात बसतो.

पोहरादेवीच्या संदर्भात हे जास्त जोरानं सांगायला हवं. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं या देशातल्या अनेक फिरत्या समाजांवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा 1952 मध्ये गेला. महाराष्ट्रात बंजारा समाज आजही विमुक्त जातींच्या यादीत आहे. कायदा गेला, पण पोलीस ठाण्यात तांड्याचं नाव सांगितल्यावर समोरच्याची नजर बदलते, हा अनुभव कितीतरी कुटुंबांनी घेतला आहे. अशा घरातल्या तरुण ड्रायव्हरच्या गाडीत चोरीचं इंजिन सापडलं तर ‘मला माहीत नव्हतं’ हे त्याचं म्हणणं किती कानांपर्यंत पोचेल? शहरातल्या बंगल्यातला माणूस पावतीशिवाय निभावून नेईल कदाचित. ज्याच्याकडे आधीच संशयानं पाहिलं जातं, त्याला नाही जमणार. त्या पोरासाठी ही पावती म्हणजे अंगावरचं चिलखत आहे.

इथे एक प्रतिवाद आपल्याच माणसांकडून येतो, आणि तो मला आदरानं घ्यावासा वाटतो. ते म्हणतात, आपल्या पूर्वजांनी लदेणीचा व्यापार केला. हजारो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य मुलुखभर वाहिलं. तेव्हा कुठे होत्या पावत्या? शब्दावर माल जायचा. मग आज कागद मागणं म्हणजे अविश्वास नाही का?

नाही. त्या शब्दाच्या मागे काय होतं ते आठवून पाहा. तांडा एकटा नसे. त्याला नायक होता, कारभारी होता. देण्याघेण्याचा वाद झाला तर तो चार माणसांसमोर, साक्षीनं, नसाबात म्हणजे तांड्याच्या पंचायतीत सुटत असे. आणि तांडा पुन्हा त्याच वाटेनं परत येत असे. खोटं बोलणाऱ्याला पुढच्या मोसमात त्याच गावकऱ्यांना तोंड दाखवावं लागे. शब्दाला किंमत होती, कारण तो मोडणाऱ्याला पकडणारी व्यवस्था होती. दोनशे किलोमीटरवरच्या दुकानात, ज्याचं नावही धड माहीत नाही अशा माणसाच्या शब्दामागे यातलं काय आहे? नायकाच्या साक्षीची जागा आज पावतीनं घेतली आहे. खुद्द सेवालाल महाराजांच्या बोलांतही आधी जाणून घ्या, पारखून घ्या आणि मगच माना असा सांगावा आहे. कागद मागणारं गिऱ्हाईक परंपरा मोडत नाही, पाळतं.

चोरीचा माल ही काही दूरच्या शहरांतली गोष्ट नाही. उत्तर प्रदेशात मेरठच्या सोतीगंजमध्ये चोरीच्या गाड्या खोलून त्यांचे पार्ट विकण्याचा धंदा वर्षानुवर्षं चालला. पोलिसांनी डिसेंबर 2021 मध्ये तो बाजार बंद पाडला, तोपर्यंत तिथले पार्ट देशभर जात होते. आपल्याकडे नवी मुंबई पोलिसांनी काही वर्षांपूर्वी एक टोळी पकडली. पाण्यानं खराब झालेल्या आणि भंगार म्हणून विकलेल्या गाड्यांचे चेसिस नंबर बदलून त्या चांगल्या म्हणून विकल्या जात होत्या. शंभरावर गाड्या जप्त झाल्या. घेणाऱ्यांत सामान्य कुटुंबं होती. अख्ख्या गाडीचा नंबर बदलणाऱ्यांना एका इंजिन ब्लॉकचा नंबर बदलणं काय अवघड?

म्हणून पावतीवर ‘जुना पार्ट, एक नग’ एवढं लिहून भागत नाही. कोणत्या गाडीचा, त्या गाडीचा नोंदणी क्रमांक, इंजिन असेल तर इंजिन नंबर, आणि दुकानदाराची सही असायला हवी. घेताना नंबराची जागा बोटानं चाचपावी. मूळ ठोकलेला नंबर एका ओळीत, एका खोलीचा असतो. ग्राइंडर फिरवून पुन्हा ठोकला असेल तर धातूवर खळगा लागतो, अक्षरं वरखाली होतात. वरून घासला तरी ठोक्याचा दाब धातूच्या आत खोलवर गेलेला असतो, त्यामुळे प्रयोगशाळेत रसायन लावून जुना नंबर पुष्कळदा पुन्हा वर आणता येतो. ‘घासला की संपलं’ ही विकणाऱ्याची समजूत चुकीची आहे आणि ती घेणाऱ्याला महागात पडते. चेसिस नंबर 17 अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच वापरत नाहीत. ती दिसली तर व्यवहार तिथेच थांबवावा. इंजिन बदललं की आरटीओत कळवून आरसीवर नवा नंबर चढवून घ्यावा लागतो. हे न करणाऱ्याला वाशिमच्या आरटीओत फिटनेसच्या वेळी आणि अपघातानंतर विमा कंपनीच्या दारात, दोन्हीकडे अडावं लागतं. आणि पावतीशिवाय आरटीओत इंजिनाचा माग दाखवणार कसा?

‘चालू माल आहे, लावून पाहा’ हे आश्वासन सगळीकडे मिळतं. त्याचा अर्थ दुकानाच्या दारात चालला की जबाबदारी संपली. हे मानू नये. इंजिन घ्यायचं तर ते थंड असताना सुरू करून दाखवायला सांगावं. तुम्ही येण्याआधीच गरम करून ठेवलेलं इंजिन दुखणं लपवतं. ऑइलचं झाकण उघडून पाहावं. आत दुधाळ फेस असेल तर ऑइलमध्ये पाणी शिरलं आहे. चालू इंजिनाच्या त्या तोंडातून धूर जोरानं येत असेल तर रिंगा गेल्या आहेत. डायनमो असेल तर गाडीला लावून बॅटरीवर मीटर धरावा. बारा व्होल्टच्या गाडीत इंजिन चालू असताना साधारण पावणेचौदा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत. गिअरबॉक्सचं तेल काढून त्यात चुंबक फिरवावं. बारीक भुकटी निघाली तर चालते, पण कण आणि तुकडे निघाले तर तो गिअरबॉक्स घेऊ नये. टर्बोचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवावा. ठळक खेळ लागला तर तो टर्बो आयुष्य संपवून बसला आहे. नव्या गाड्यांचा ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, चावीशी जोडलेला असतो. दुसऱ्या गाडीतला उचलून लावला तर गाडी सुरूच होत नाही, आणि ‘आमच्याकडे तर चालला होता’ या उत्तराला पावतीशिवाय उत्तर नाही. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा प्रत्येक पुरानंतर बुडालेल्या गाड्यांची वायरिंग आणि सेन्सर बाजारात येऊ शकतात. वरून ते पुसलेले दिसतात, पण खोबणीत हिरवट गंज आणि गाळाचा पापुद्रा सापडतो. जोडणीचं टोक उघडून बघायला मिनिटभर लागतं.

काही वस्तू मात्र कितीही स्वस्त असोत, जुन्या घेऊच नयेत. ब्रेकचे पॅड, लायनर, होज पाइप, व्हील सिलिंडरचे रबर, स्टिअरिंगचे बॉल जॉइंट, टायमिंग बेल्ट, अपघातात ताण खाल्लेला सीट बेल्ट, एअरबॅग. यात्रेच्या गर्दीतून दहा माणसं भरून जाणाऱ्या गाडीचा ब्रेक हा काटकसरीचा विषय नाही. टायर घेताना बाजूवरचे चार अंक वाचावेत. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष सांगतात. वरून काळा रंग मारला तरी ते अंक खोटं बोलत नाहीत.

फोनवरची फसवणूक वेगळीच. गाडीचं मॉडेल टाकताच कुणीतरी फोटो पाठवतं, ‘माल तयार आहे, निम्मे पैसे टाका, ट्रान्सपोर्टला लावतो’ म्हणतं. मग बिल्टीचा फोटो येतो. बिल्टी खोटी असते, नंतर फोन लागत नाही. त्यावर एक साधी मागणी करून पाहा: त्या पार्टच्या शेजारी आजचं वर्तमानपत्र आणि तुमचं नाव लिहिलेला कागद ठेवून व्हिडिओ पाठवा. खरा दुकानदार पाच मिनिटांत पाठवतो. भामट्याकडे पार्टच नसतो. ‘पैसे परत करतो, क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका’ म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवावा. पैसे मिळण्यासाठी पिन लागत नाही, देण्यासाठीच लागतो. पैसे गेलेच तर लाज वाटून गप्प बसू नये. 1930 या क्रमांकावर लगेच, त्याच तासाला कळवावं, कारण पैसे पुढच्या खात्यांतून निघून जाण्याआधीच ते रोखता येतात.

पावती नाकारताना दुकानदार पुढचा आडोसा घेतात तो जीएसटीचा. बिल फाडलं तर कर चढेल, तुम्हालाच महाग पडेल, म्हणतात. महाराष्ट्रात मालाची उलाढाल वर्षाला 40 लाखांच्या आत असलेल्या लहान दुकानदाराला सामान्यतः जीएसटी नोंदणी लागत नाही. त्यानं साध्या कागदावर नाव, पत्ता, पार्ट, रक्कम लिहून सही केली तर ती पावतीच आहे, आणि तिच्यावर कोणताही कर बसत नाही. ज्याची नोंदणी आहे त्याला तर 200 रुपयांच्या वरच्या विक्रीला बिल देणं भागच आहे. म्हणजे लहान दुकानदाराला अडचण नाही आणि मोठ्याला सूट नाही. मग हा आडोसा नेमका कुणासाठी?

मेस्त्रीबद्दल लिहिताना हात जड होतो, कारण आपल्या गावातले बहुतेक मेस्त्री उधारीवर गाड्या दुरुस्त करून लोकांची रोजी चालवतात. पण कुठल्या दुकानातून आणलं आणि कितीला आणलं हे न सांगता आकडा तेवढा सांगण्याची सवय काहींना आहे, आणि मधला हिस्सा तिथेच राहतो. गाडीतून काढलेला जुना पार्ट नेहमी मागून घ्यावा. तो तुमचा आहे. तो परत मिळाला की खरंच बदलला की नाही हे कळतं, आणि तोच साफ करून पुढच्या गिऱ्हाइकाला ‘रिकंडिशन’ म्हणून विकला जात नाही.

फसलो तर काय करायचं, याचं उत्तर वाशिमला आहे. तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं घेणारा जिथे राहतो तिथेच तक्रार करण्याची सोय दिली आहे, त्यामुळे दुकान नागपूरचं असलं तरी नागपूरला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. मुदत दोन वर्षांची. स्वतःच्या पोटापाण्यासाठी गाडी चालवणारा माणूसही या कायद्यानं ग्राहकच आहे, त्याला ‘व्यापारी’ म्हणून बाहेर ढकलता येत नाही. 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. पण आयोग सुरुवातीलाच विचारतो, खरेदीचा पुरावा काय? फोनवरून पाठवलेल्या पैशांची नोंद, दुकानदाराशी झालेले संदेश, पार्टचे फोटो, यानं काही अंशी भागतं. रोखीनं आणि तोंडी घेतलेल्याला मात्र तिथे उभं राहायला जागा उरत नाही.

शेवटी दुकानदारांचं खरं दुखणं. ते खासगीत सांगतात, मीही माल घेताना विकणाऱ्याकडे आरसीची प्रत आणि ओळखपत्र मागितलं तर तो माझ्याकडे येणारच नाही, शेजारच्या दुकानात जाईल. हे खरं आहे, आणि मला यात त्यांच्याविषयी सहानुभूती आहे. पण कागद मागितल्यावर पळून जातो तो माल कोणता असतो? मालकाच्या संमतीनं खोललेल्या गाडीचा पार्ट पळत नाही. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात गाडी देणाऱ्याला आता सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं, अशा मालकाला आरसीची प्रत द्यायला काय हरकत असेल? तेव्हा मानोरा आणि दिग्रसच्या दुकानदारांनी एकत्र बसून एकाच नमुन्याचं पावती पुस्तक छापून घ्यावं: गाडीचा नोंदणी क्रमांक, इंजिन नंबर, कुणाकडून घेतलं, कुणाला दिलं, किती दिवसांत परत घेणार. सगळ्यांनी एकदम सुरू केलं तर शेजारच्या दुकानात जाण्याची वाट बंद होते. रामनवमीच्या आधी हे करणं अवघड नाही. आणि ज्या दिवशी पोलीस एखाद्या चोरीच्या इंजिनाचा माग काढत दुकानात येतील, त्या दिवशी ते विचारतील, हे कुणाकडून घेतलं. तेव्हा दुकानदाराच्या हातात द्यायला त्याच पुस्तकाचं एक पान असेल.